फँटम-4 ची 1:24 प्रतिकृती : हिरव्यावर किरमिजी

मागची नोंद आषाढात लिहिली, तेव्हा रोल्स-रॉइस फँटम-4 मोटारीच्या या प्रतिकृतीचा लाकडी सांगाडा पूर्ण होऊन त्यावर प्रायमरचे दोन हात बसले होते आणि दिवाळीपर्यंत मोटार काचेच्या पेटीत जाईल असा माझा अंदाज होता. तो चुकला. बॉनेट पुन्हा कापावे लागले, रंग घासावा लागला आणि त्यातच मूळ बेतही बदलला. ज्यांनी आपल्यासारखे हे काम हाती घेतले आहे, त्यांना यातील काही भाग उपयोगी पडावा म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधीच्या नोंदी ज्यांनी वाचलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. ही प्रतिकृती रोल्स-रॉइस फँटम-4 मालिकेतील ग्राहकाला मिळालेल्या पहिल्या मोटारीची आहे. 1950 ते 1956 या काळात या मालिकेच्या अवघ्या 18 मोटारी तयार झाल्या आणि त्या राजघराण्यांसाठी व राष्ट्रप्रमुखांसाठीच राखून ठेवलेल्या होत्या. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने तीन घेतल्या, इराणच्या शहांकडे होती, आणि पुण्यातील ज्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींना स्थानबद्ध केले होते, त्या महालाचे मालक तिसरे आगाखान यांच्याकडेही एक होती. पहिली मात्र ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ आणि त्यांचे पती प्रिन्स फिलिप यांच्यासाठी एच. जे. मलिनर या कोचबिल्डरने, म्हणजे मोटारीचा वरचा सांगाडा घडवणाऱ्या कंपनीने, बांधली आणि जुलै 1950 मध्ये ती त्यांच्या हाती आली. काम गुप्त राहावे म्हणून तिला ‘नाभा’ हे सांकेतिक नाव दिले होते. म्हणजे पंजाबातील नाभा संस्थानच्या महाराजांची मोटार बनते आहे असे भासावे. एवढ्या थोरल्या मोटारीची मागणी हिंदुस्थानातील एखाद्या संस्थानिकाचीच असणार, हे त्या काळी कोणालाही सहज पटले असते, आणि म्हणूनच हा तपशील मला फार बोलका वाटतो.

आता बॉनेटविषयी. फँटम-4 चे सारे रूप तिच्या बॉनेटच्या लांबीवर उभे आहे, आणि ती लांबी दिखाऊपणासाठी दिलेली नाही. या मोटारीत एका रांगेत आठ सिलिंडर असलेले बी-80 इंजिन आहे. हेच इंजिन लष्करी वाहनांत आणि अग्निशमन दलाच्या बंबांतही वापरले जाई. मिरवणुकीच्या संथ गतीने तासन्‌तास चालणे हा अशा मोटारीचा खरा कस असतो, आणि त्या कामाला हे इंजिन उत्तम होते. प्रत्येक सिलिंडरचा व्यास 88.9 मि.मी. आहे. मधल्या भिंती न धरता हे आठ व्यास नुसते एकापुढे एक मांडले तरी 711 मि.मी. होतात, म्हणजे आपल्या प्रमाणात जवळजवळ 30 मि.मी. हा साधा हिशेब मी आधी केला असता तर चूक टळली असती. मी बॉनेटची लांबी समोरून तिरक्या कोनात घेतलेल्या छायाचित्रावरून काढली होती आणि अशा छायाचित्रात खोली नेहमी आखडलेली दिसते. पुढच्या व मागच्या आसांमधील 145 इंचांचे अंतर मी बरोबर धरले होते, प्रतिकृतीत ते 153.5 मि.मी. येते, पण त्या अंतराची बॉनेट आणि प्रवासी कक्ष यांच्यातील विभागणी चुकली. परिणामी पुढची बाजू आखूड आणि समोरची काच पुढे सरकलेली दिसू लागली. शेवटी बारीक दात्यांच्या करवतीने बॉनेट काचेच्या बुडाशी कापले, शिवणीच्या लाकडाची 3 मि.मी. जाडीची पट्टी मध्ये बसवली, तेवढेच लाकूड कक्षाच्या पुढच्या बाजूने उतरवले आणि सांध्यावर पुट्टी भरून चार दिवस तसेच सुकू दिले. शिवण मऊ असूनही कापताना कड फुटत नाही, त्यामुळे हे शक्य झाले; आंब्याच्या लाकडावर हा प्रयोग करू नये.

रंगाच्या बाबतीत दोष सर्वस्वी माझ्या घाईचा होता. ही मोटार राजकन्येकडे आली तेव्हा हिरव्या रंगाची होती आणि मलाही ती 1950 सालातलीच दाखवायची होती. कोकणात श्रावणात हवा किती दमट असते हे ठाऊक असूनही मी दोन उघडिपीचे दिवस पाहून लॅकर फवारला. तासाभरात छतावर आणि मागच्या मडगार्डवर पांढुरकी झाक धरली. लॅकरमधील थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंगात अडकून पडते, हे त्याचे कारण आहे. पाऊस पूर्ण ओसरेपर्यंत थांबणे हाच यावर माझ्या मते खात्रीचा उपाय आहे.

थांबलो असताना पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन ती झाक घासत होतो, तेव्हा बेत बदलला. फेब्रुवारी 1952 मध्ये एलिझाबेथ राणी झाल्या आणि ही खासगी मोटार राजशकट, म्हणजे राणीची अधिकृत शाही मोटार, झाली. तेव्हा हिरवा रंग जाऊन काळा आणि गडद किरमिजी असा शाही रंग तिच्यावर चढला. माझ्या हातातही घासलेला हिरवा थर होता आणि वरून नवा रंग द्यायचाच होता. मग तोच क्रम का पाळू नये? दसऱ्यानंतर कोरड्या हवेत आधी किरमिजी, मग पट्ट्या चिकटवून काळा असे पातळ हात दिले. छटेसाठी मे 2018 मधील विंडसर येथील प्रिन्स हॅरी आणि मेगन मर्कल यांच्या विवाहाची छायाचित्रे समोर ठेवली; मेगन आणि त्यांच्या आई चर्चकडे आल्या त्या याच मोटारीतून. उन्हात किरमिजी दिसणारा हा रंग सावलीत जवळजवळ काळाच भासतो, म्हणून प्रतिकृतीवर तो किंचित उजळ ठेवला आहे.

बेत बदलल्याने नंबरप्लेटचे काम संपले, कारण राजशकटाला ती नसतेच. छतावर राजचिन्हाची ढाल मात्र आली आणि रेडिएटरवरील मूर्तीही बदलावी लागली. राणी ज्या राजशकटातून निघे त्यावर रोल्स-रॉइसच्या नेहमीच्या पंखधारी स्त्रीच्या मूर्तीऐवजी चित्रकार एडवर्ड सीगो यांनी घडवलेली चांदीची मूर्ती बसवली जाई : घोड्यावर आरूढ संत जॉर्ज आणि खाली मारून पाडलेला ड्रॅगन. ही मूर्ती मी डाग देण्याच्या (सोल्डरच्या) तारेच्या तीन तुकड्यांतून 5 मि.मी. उंचीची केली. घोड्याचे पाय सुईच्या टोकाने ओढून काढले. मानेचा बाक चौथ्या प्रयत्नात साधला आणि तो साधताच घोडा घोड्यासारखा दिसू लागला. ड्रॅगन अजून नुसता गोळा आहे, त्यावर भिंगाखाली आणखी काम करायचे आहे.

चाके, आतील बैठक आणि दारांच्या मुठी शिल्लक आहेत. डिकीचे झाकण उघडणारे ठेवले असून त्याच्या आतल्या कडेला हिरव्या रंगाची एक बोटभर रेघ मी मुद्दाम तशीच राहू दिली आहे.