कलहारीच्या कडेला, फेसाच्या घरट्याच्या शोधात

तिसऱ्या मुक्कामी ताडपत्री उलगडली आणि आतून साधारण सात सेंटिमीटरचा करडा बेडूक टुणकन पेटीवर येऊन बसला. ज्याच्यासाठी बोट्स्वानातलं माउन गाव सोडून दोनशे किलोमीटर दक्षिणेला आलो होतो, तोच! फेसाचं घरटं करणारा सवानातला झाडबेडूक, कायरोमँटिस झेरामपेलिना. आम्ही तिघांनी अक्षरशः उड्या मारल्या. मग ताडपत्रीच्या आतल्या घडीत मोपानीची वाळकी पानं दिसली. आम्ही होतो तिथे मोपानीचं एकही झाड नव्हतं. बेडूक माउनच्या तळावरूनच आमच्याबरोबर आला होता. वहीतली नोंद मी तिथेच खोडली.

तीन दिवस कोरड्या ताडपत्रीत बेडूक जगला कसा, असं वाटेल. याच्या कातडीतून पाणी फार हळू जातं, आणि तो पक्ष्यांसारखं युरिक ॲसिड बाहेर टाकतो, त्यामुळे लघवीतही पाणी वाया जात नाही. भर उन्हात उघड्या फांदीवर बसतो आणि तापला की जवळजवळ पांढरा पडतो. याच चिवटपणामुळे तो गाड्यांतून, सामानातून सहज प्रवास करू शकतो. म्हणून या जातीच्या बाबतीत एकटा प्रौढ बेडूक दिसला की वावराची हद्द पुढे सरकली, असं मी आता मानत नाही. घरटं दिसलं तरच मानतो.

पेटर्स या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने 1854 मध्ये मोझांबिकमधल्या नमुन्यांवरून या जातीचं वर्णन केलं. केनियाच्या किनाऱ्यापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत आणि पश्चिमेला अंगोला-नामिबियापर्यंत ती पसरलेली आहे. बोट्स्वानात ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या आसपास ती घराच्या भिंतीवरही दिसते. आमचा प्रश्न साधा होता: चांगल्या पावसाच्या वर्षी कलहारीच्या वाळूतल्या उथळ तळ्यांवर, ज्यांना तिथे ‘पॅन’ म्हणतात, ती अंडी घालते का?

जानेवारीत गेलो. पाऊस नोव्हेंबर ते मार्च असतो, पण पहिला जोरदार पाऊस झाल्यावर दोनतीन दिवसांत पोहोचणं महत्त्वाचं. आम्ही नऊ पॅन पाहिले आणि सात रिकामे निघाले. ते सातही वहीत तारीख, वेळ, पाऊस कधी झाला होता, किती वेळ शोधलं यांसह लिहून ठेवले आहेत. रिकाम्या जागा लिहायचा कंटाळा करू नका, पुढच्या माणसाला त्यांचाच उपयोग जास्त होतो.

आठव्या पॅनवर सकाळी दहाच्या सुमाराला एका बाभळीची फांदी पाण्यावर झुकलेली दिसली आणि तिच्यावर मुठीपेक्षा मोठा पांढरा गोळा. बोट लावलं तर वरचं कवच कडक, कुरकुरीत. खालची बाजू मात्र ओली आणि थरथरणारी. मी पाण्यात गुडघाभर उभा राहून बघत होतो, तेवढ्यात फेसातून एक काळसर शेपटी बाहेर आली, वळवळली आणि टप्कन पाण्यात पडली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. बेडूकमासे! मादी अंगातून स्राव सोडते आणि पायांनी तो रवीने घुसळल्यासारखा फेसाळते. एका मादीभोवती अनेकदा दोनतीन नर असतात, तेही पाय मारतात. रात्री त्याच फांदीवर दोन प्रौढ सापडले. नववा पॅनही रिकामा नव्हता, तिथे तीन घरटी होती.

रात्री आवाजावर विसंबू नका. याची कुरकुर मंद असते आणि इतर बेडकांच्या गोंगाटात हरवते. त्यापेक्षा दिवसा पाण्यावरच्या फांद्या एकेक करून बघा. पक्ष्याची विष्ठा वाटेल असा पांढरा ठिपका दुर्बिणीतून पुन्हा पाहा. ओळखीसाठी पुढच्या पायाचा जवळून फोटो हवाच: बोटं दोन-दोनच्या जोड्यांत समोरासमोर वळतात, फांदी धरायला. पट्टी शेजारी ठेवून अंगाचा, मांडीच्या आतल्या बाजूचा आणि घरट्याचा फोटो घ्या. जीपीएसचे आकडे दशांश अंशांत लिहा, किती मीटरपर्यंत अचूक तेही. बेडूक हाताळायचा किंवा नमुना घ्यायचा असेल तर संशोधन परवाना आधी मिळवा, त्यात वेळ जातो. परवाना नसेल तर फोटो आणि आवाज एवढ्यावरच थांबा.

माउनहून दक्षिणेला गांझी गावाकडे जाताना कुकेच्या कुंपणापाशी जनावरांच्या रोगांसाठी तपासणी होते, कच्चं मांस पुढे नेऊ देत नाहीत. त्याशिवाय बेडकांचा बुरशीरोग पसरू नये म्हणून बूट आणि जाळी तुम्हीच दोन पॅनच्या मध्ये घासून, ब्लीचने धुऊन पूर्ण वाळवा. वाळूत टायरची हवा कमी करा, पण पॅनच्या चिखलात गाडी घालूच नका. आम्ही एक अख्खी दुपार तिथे घालवली. रोज निघण्याआधी तंबू, ताडपत्री, चाकांच्या कमानी झटका. मलेरियाची गोळी चुकवू नका. शेतमालकाची परवानगी घ्या. आमच्या मालकाच्या विनंतीवरून पॅनची नेमकी जागा इथे लिहीत नाही, अभ्यासकांना आकडे स्वतंत्र देईन.

ताडपत्रीतला पाहुणा नव्या जागी सोडला नाही. भोकं पाडलेल्या वेगळ्या डब्यात ठेवला आणि परतीच्या संध्याकाळी माउनला, थामालाकाने या नदीच्या काठच्या त्याच मोपानीखाली डबा उघडला. बराच वेळ तो बसून राहिला. मग खोडावर चढला आणि सालीच्या रंगात दिसेनासा झाला.