चार बाय सहाचा प्रवेश, पाच हजारांच्या आत: ऑक्टोबर ते जानेवारीची नोंद

जागा: डोंबिवलीतल्या जुन्या विटांच्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मुख्य दार उघडलं की चार फूट रुंद, सहा फूट लांब बोळ. डावी भिंत बाथरूमची, उजवी शेजारच्या खोलीची. सागवानी चौकट, व्हिनियरचं (वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं) दार, लाकडी उंबरठा. तक्रारी चार: दार घासतं, डाव्या भिंतीचे खालून दोन फुटांपर्यंत पोपडे सुटलेत, चपला जिन्याच्या पॅसेजमध्ये पसरतात आणि उजेड नाही.

या जागेत रंगापासून सुरुवात केली तर पैसे पाण्यात जातात. ओल, दार, चपलांसाठी दगडी बैठक, रंग, पॉलिश हाच क्रम ठेवायचा. आणि घड्याळापेक्षा हवामान पाहायचं, कारण लाकूड, गिलावा आणि चपडा (लाखेचं पॉलिश) हे तिन्ही पावसाळ्याची दमट हवा आत धरून ठेवतात.

ऑक्टोबर, दुसरा आठवडा: ओल कुठून येते?

पोपडे आलेल्या जागेवर एक फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून ४८ तास ठेवला. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमले. म्हणजे पाणी भिंतीतूनच येतंय. थेंब खोलीकडच्या बाजूला आले असते, तर ती हवेतली दमट वाफ असती आणि उपाय वेगळा, वारा खेळता ठेवण्याचा, करावा लागला असता.

पलीकडे बाथरूममध्ये खालच्या तीन ओळींतल्या टाइल्सच्या सांध्यांमधलं सिमेंट जागोजाग गेलेलं. नहाणी ट्रॅपभोवती, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीभोवती, तर काडी सरळ आत जात होती. सांधे पत्र्याच्या पट्टीच्या टोकाने तीन मिलिमीटर खोल खरवडले, ब्रशने धूळ काढली, दोन दिवस बाथरूम कोरडं ठेवलं आणि इपॉक्सी ग्राउट (सांध्यांत भरायचा, दोन भाग कालवून करायचा मसाला) भरलं. एक किलोचा पॅक पुरला. दोन्ही भाग मिसळल्यावर ते लवकर घट्ट होतं, म्हणून एका वेळी पाव किलोच कालवावं. टाइलवर सांडलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसावं, दुसऱ्या दिवशी ते निघत नाही.

आता बोळाची बाजू. पांढरी पूड दिसते ती लोणा. ती पाण्याने धुवू नका. पाण्यात क्षार विरघळतात, परत भिंतीत शिरतात आणि महिन्याभरात पुन्हा फुलतात. कोरड्या ब्रशने झाडायची आणि केर उचलून टाकायचा. ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा विटेपर्यंत काढला, डागाच्या कडेपासून एक फूट पुढेपर्यंत. उघडी पडलेली जागा साधारण सहा चौरस फूट.

नवा गिलावा एकास चार, जाडी १२ मिमी. एवढ्या जागेला तीन किलो सिमेंट, आणि वाळू त्याच डब्याने चौपट मोजून. वॉटरप्रूफिंगचं द्रव ५० किलोच्या गोणीला २०० मिली या हिशेबाने, म्हणजे तीन किलोला फक्त १२ मिली. जास्त घातलं म्हणून भिंत जास्त कोरडी होत नाही. औषधाच्या टोपीने मोजा. आधी विटा भिजवल्या, नाहीतर कोरडी वीट गिलाव्यातलं पाणी ओढते आणि तो भुसभुशीत राहतो. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं.

इथे दिवाळी आडवी येते. फराळाला माणसं येणार, तोवर भिंत रंगलेली हवी, हा मोह प्रत्येक घरात होतो. नव्या गिलाव्याला पाणी मारणं थांबल्यावर सुकायला निदान तीन ते चार आठवडे लागतात. त्याआधी रंग लावला तर आतलं पाणी बाहेर पडताना रंगाला फुगे आणतं. दिवाळीत भिंत उघडीच ठेवली. तोरण, पणत्या आणि कंदिलाच्या उजेडात ती कुणाच्या नजरेत येत नाही.

ऑक्टोबर अखेर: दार

सप्टेंबरमध्ये दार घासायला लागलं की सुताराला बोलावून रंधा मारून घ्यायची घाई होते. थांबा. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा तासलेलं दार मे महिन्यात फटीतून उजेड दाखवतं. पाऊस जाऊन तीन आठवडे झाल्यावर या दाराचं खालचं घासणं आपोआप गेलं. राहिला फक्त वरचा, लॅचकडचा कोपरा.

तो कोपरा एकटाच घासत असेल तर दोष बहुधा वरच्या बिजागरीत. दार अर्धं उघडून मुठीने वर उचललं, तेव्हा वरची बिजागरी चौकटीवर हलताना दिसली. ३० मिमीचे स्क्रू भोकात नुसते फिरत होते. उपाय जुना आणि पक्का: दाराखाली पाचर मारून वजन पेलायचं, स्क्रू काढायचे, विझलेल्या उदबत्तीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च ठासायच्या, २४ तास सुकू द्यायच्या, पटाशीने सपाट कापायच्या आणि २ मिमीचं भोक पाडून ५० मिमीचे स्क्रू लावायचे. सुकायचा वेळ सोडून तिन्ही बिजागऱ्यांचं मिळून दोन तासांचं काम. आता दार आणि चौकट यांच्यामध्ये पोस्टकार्ड सगळीकडून फिरतं. रंध्याला हातही लावावा लागला नाही.

पितळी स्क्रू लावणार असाल तर एक सांभाळा. पितळ मऊ असतं आणि सागवान कडक, त्यामुळे डोकं तुटून धड आत अडकतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडायचे, तो काढायचा आणि मग पितळी स्क्रूला साबण चोळून हाताने फिरवायचा.

नोव्हेंबर: कडप्प्याची बैठक

चपलांची मांडणी बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवणं बंद. ती जागा सगळ्यांची आणि आगीच्या वेळी पळायची. मांडणी आत घ्यायची तर चार फुटांच्या बोळात तिला एक फुटापेक्षा जास्त खोली देता येत नाही.

आधी दाराच्या पानाची फिरकी फरशीवर काढली: बिजागरीच्या टोकाशी दोरी धरायची, पानाच्या रुंदीएवढी लांब, आणि खडूने कमान ओढायची. पान तीन फुटांचं, बिजागरी डावीकडे, भिंतीपासून सहा इंचांवर. उजव्या भिंतीला फूटभर पुढे आलेली वस्तू दारापासून २० इंचांच्या आत असेल, तर पान तिच्यावर आपटणार. म्हणून बैठक २४ इंचांवर सुरू केली. खडूची ही पाच मिनिटं वगळणाऱ्यांचीच मांडणी पुढे विकायला निघते.

कडप्पा, म्हणजे ओट्याचा काळा दगड, का? प्लाय ओल्या चपलांनी दोन पावसाळ्यांत कडेने सुटतो, पत्रा गंजतो. ओट्यांची कामं करणाऱ्या दगडवाल्याकडे कडप्प्याचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात, आणि तो तिथेच कापून देतो. मापं अशी: बसायचा दगड ३० × १३ इंच, एक इंच जाड, उभे पाय दोन, १३ × १६ इंच. दगड उचलून लोखंडी वस्तूने टकटक करा. खणखणीत आवाज हवा. बद्द वाजला तर आत चीर आहे, आणि पांढऱ्या शिरा आडव्या जात असतील तरी बसण्यासाठी घेऊ नका. वरचा दगड १७ किलोच्या आसपास भरतो, दोघांनीच उचलायचा.

उजव्या भिंतीत ग्राइंडरने एक इंच खोल चर पाडला, एक आडवा आणि दोन उभे. बाथरूमच्या भिंतीत हे कधीही करू नका, आत नळ असतात. उजव्या भिंतीतही आधी स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली वायर नाही ना, हे पाहूनच. पाय २० इंच अंतरावर उभे केले, चरात एकास तीन माल भरला, खाली टाइल अॅडहेसिव्हचा पातळ थर दिला. गुण्या (काटकोन तपासायला) आणि पाणसळ (सपाटी तपासायला) लावून पाय दोन दिवस तसेच सोडले. मग वरचा दगड मागची कड चरात सारून बसवला. दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच पुढे येतो, पण मागून भिंत धरून ठेवते. पुढच्या बाजूला किंचित उतार ठेवला, पाणसळीचा बुडबुडा जेमतेम सरकेल इतकाच. त्यामुळे ओल्या छत्रीचं पाणी भिंतीकडे जात नाही. सात दिवस कुणी बसायचं नाही, अशी चिठ्ठी चिकटवून ठेवावी लागते.

पुढची कड कार्बोरंडमच्या (घासायच्या कडक) दगडाने पाणी घालत तीन मिमी घासून बोथट केली. उंची १७ इंच, ज्येष्ठ मंडळींना बूट घालताना टेकायला आणि उठायला सोयीची. खाली आठ इंचांवर सागवानी पट्ट्या, मध्ये एक-एक इंचाची फट. फळी सलग असती तर पाणी साचून बुरशी आली असती. एका ओळीत दोन जोड, म्हणजे मध्ये चार. बाजूला पुढे आलेल्या दगडाखाली एकेक उभी चप्पल राहते. खालची ओळ थेट फरशीवर, म्हणजे केरसुणी आत फिरते.

कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड. लिंबू, चिंच किंवा संडास साफ करायचं ॲसिड पडलं की तिथली झिलई कायमची जाते. साबणाचं पाणीच बरं.

डिसेंबर: रंग, मग पॉलिश

प्लास्टिकची चाचणी पुन्हा केली. ४८ तासांनी तुकडा कोरडा. आता लांबी, म्हणजे भिंत सपाट करायची पुट्टी. पांढऱ्या सिमेंटची, पाच किलो, फक्त डाव्या भिंतीसाठी. किलोला सुमारे ४०० मिली पाणी. पाण्यात पूड टाकायची, उलट केलं की गुठळ्या होतात. दहा मिनिटं ठेवून पुन्हा ढवळायची. भिंतीवर आधी पाण्याचा हलका हबका, कारण ही लांबी सिमेंटची आहे. पातळ दोन हात. दोन-अडीच तासांनी घट्ट झालेली लांबी पुन्हा पाणी घालून वापरू नका, ती पूड होऊन गळते. २२० नंबरचा पॉलिश पेपर, प्राइमरचा एक हात, इमल्शनचे दोन. दोन्ही भिंती मिळून १०८ चौरस फूट, दोन लिटर रंग लागला. फिकट पिवळसर घेतला, कारण बोळाला खिडकी नाही. सात वॉटचा एलईडी, ३००० केल्व्हिन, दाराच्या समोरच्या टोकाला, म्हणजे आत येणाऱ्याचा चेहरा दिसतो. दाराच्या डोक्यावर दिवा लावला की चेहरा सावलीत जातो.

पॉलिश करायच्या आधी जुना थर ओळखा. कापसावर स्पिरिट घेऊन कोपऱ्यात दोन मिनिटं धरा. चिकट झाला तर चपडा, काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), ही रासायनिक पॉलिशं. इथे आतली बाजू चपड्याची निघाली. व्हिनियर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असतो, म्हणून मशीन लावलं नाही. १८०, मग ३२० नंबरचा पेपर, हाताने, रेषेच्या दिशेने. एक लिटर स्पिरिटमध्ये १५० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून मलमलीतून गाळला. कापसाचा बोळा मलमलीत बांधून लांब हात, एका जागी थांबायचं नाही. हेच काम जुलैत केलं असतं तर स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडून हवेतली वाफ त्यावर धरली असती आणि पांढरट झाक आली असती. डिसेंबरच्या कोरड्या दुपारी ती येत नाही.

उंबरठ्याला मात्र चपडा नको. हळदीकुंकवाचं पाणी रोज पडतं, चपड्यावर पांढरी वर्तुळं उठतात. शिजवलेलं जवसाचं तेल, तीन पातळ हात, दोन हातांच्या मध्ये २४ तास. जास्तीचं तेल अर्ध्या तासाने पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट राहतं. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा दोरीवर मोकळे पसरा.

तोरणासाठी दरवर्षी नवे खिळे ठोकून चौकटीच्या वरच्या पट्टीला चाळणी झाली होती. भोकं लाकडाच्या भुश्यात फेविकॉल कालवून बुजवली. दोन कोपऱ्यांत १.५ मिमीचं भोक पाडून पितळी हूक फिरवले, मध्ये बारीक तार. आंब्याची पानं आता तारेत अडकतात, लाकडाला कुणी हात लावत नाही.

जानेवारी: हिशेब

कडप्पा आणि कापाई १,४००, लांबी-प्राइमर-रंग १,२५०, पॉलिशचं सामान ६५०, इपॉक्सी ग्राउट ४५०, स्क्रू-बिजागऱ्या ३८०, ग्राइंडरचं भाडं ३००, दिवा २२०, सिमेंट-वाळू-वॉटरप्रूफिंग २००, हूक आणि तार ९०. एकूण ४,९४० रुपये. मजुरी धरलेली नाही, आणि भाव गावागणिक बदलतील.

नव्या इमारतींत भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) असेल तर ही बैठक तशीच करू नका. त्या ठिसूळ ब्लॉकमध्ये पडलेल्या चराच्या कडा सुटतात. मागे तिसरा पाय द्या.

बाकी काम: दाराची बाहेरची बाजू. तिथे मेलामाइन निघालं, तो थर उतरवून पीयूचे दोन हात मार्चपर्यंत. कडप्प्याचा ९ × ९ इंचाचा तुकडा उरलाय, घासून सणापुरता सुटा पाट करायचा. काळ्या दगडावर पांढरी रांगोळी गुळगुळीत टाइलसारखी घसरत नाही. आणि डाव्या भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा जुलैच्या मध्याला पुन्हा लावायचा.