वार आणि अडीच तास

घरी बाळंत होऊन अडीच तास झाले होते, वार, म्हणजे प्लासेंटा, अजून आतच. जीपमधून उतरवली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता. उत्तरेकडच्या एका गावात, मेडिकल मिशन सिस्टर्स या डॉक्टर-नर्स नन्सच्या संघाच्या दवाखान्यात मी तेव्हा लेबर रूमला होते.

कॅथेटर, दोन्ही हातांना सलाईन, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्तासाठी धावपळ हे सगळीकडेच होतं. आमच्याकडे एक जास्तीचं होतं. रक्ताने भिजलेलं प्रत्येक कापड आम्ही काट्यावर ठेवायचो आणि कोरं वजन वजा करायचो. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. नजरेचा अंदाज कमीच निघतो. नंतर मोठमोठ्या हॉस्पिटलांत काम केलं, तिथे काटा कुणी आणला नाही. त्या रात्री आकडा दीड हजारावर गेला.

डॉक्टर सिस्टर सत्तरीच्या. भूल दिल्यावर एका हाताने पोटावरून गर्भाशय धरलं, आतल्या हाताच्या बोटांच्या कडेने वार भिंतीपासून सोडवत गेल्या. कुठेही ओढाओढ नाही. बाहेर आल्यावर ट्रेमध्ये पसरून तुकडा राहिला नाही ना ते पाहिलं. माझ्या हाताखाली गर्भाशय नारळासारखं घट्ट झालं.

जवळच्या सरकारी केंद्रात पुरुष डॉक्टर होता, म्हणून तिला तिथे नेलंच नव्हतं! मी नवऱ्याला फैलावर घेतलं. सिस्टरांनी मला आत बोलावलं आणि त्यांच्या संघाची गोष्ट सांगितली.

१९२० साली ऑस्ट्रियाची तरुण डॉक्टर ॲना डेंगेल रावळपिंडीला आली, ती याचसाठी. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरसमोर येत नसत, मरत. आणि ज्या नन्स त्यांच्यापर्यंत पोचू शकत होत्या, त्यांना बाळंतपण करायला चर्चच्या कायद्याचीच मनाई. १९२५मध्ये वॉशिंग्टनला दोन डॉक्टर आणि दोन नर्स अशा चौघींनी संघ सुरू केला, तोही जाहीर व्रतांशिवाय, कारण ती घेतली की मनाई लागू. रोमने मनाई उठवली १९३६मध्ये. म्हणजे अडवणारे दोन्हीकडे होते, सिस्टर म्हणाल्या. ॲनाने भांडण रोमशी केलं, त्या बायकांशी नाही.

मला हे तेव्हा पटलं नाही. आपण सोय करून दिली की नवरे तसेच अडून बसणार, असं मी म्हटलं. आजही अर्धं तसंच वाटतं. पण ती बाई वाचली ती त्या सोयीमुळेच, आणि माझ्या ओरडण्याने तिच्या रक्ताचा एक थेंबही थांबला नव्हता.

सहाव्या दिवशी घरी जाताना नवऱ्याने विचारलं, “अगली बार भी लेडी डॉक्टर रहेगी ना?” सिस्टर “हाँ” म्हणाल्या. त्यांच्या जागी यायला तेव्हा दुसरी डॉक्टर सिस्टर नव्हती.