यूटीसी सहा म्हणजे आपले साडेअकरा

सर्व्हरवर लॉगिन करून अपटाइम कमांड मारली आणि '४१२ दिवस रीबूटशिवाय चालू' असं उत्तर आलं, की पुष्कळांची छाती फुगते. आमच्या मते हा आकडा काळजीचा आहे. लाइव्हपॅच, म्हणजे रीबूट न करता कर्नल दुरुस्त करणारी सोय, बसवलेला नसेल तर ४१२ दिवस तोच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरीत चालतोय. मधल्या काळात सुरक्षेचे जेवढे कर्नल पॅच आले, ते सगळे डिस्कवर उतरून नुसते पडून आहेत. होस्टिंगच्या धंद्यात साइट कधी ना कधी बंद राहणारच. ती वेळ आपण नेमली तर पाच मिनिटांत काम उरकतं. दुसऱ्या कुणी नेमली, तर हॅक झालेल्या वीस साइट उपसत बसावं लागतं.

इथे एक ठरावीक उदाहरण धरू. भाड्याचा एक व्हीपीएस (मोठ्या मशीनवरचा आभासी सर्व्हर), त्यावर उबंटू लिनक्स २२.०४ किंवा २४.०४, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, पीएचपी चालवणारं पीएचपी-एफपीएम, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि लहान दुकानं, शाळा, मंडळं यांच्या वीस-पंचवीस साइट.

पॅकेज अपडेट झालं म्हणजे भोक बुजलं, असा समज असतो. तो अर्धाच खरा. एन्क्रिप्शनचं काम करणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीची नवी फाइल डिस्कवर आली, तरी आधीपासून चालू असलेला एनजिनएक्स जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसतो. प्रोसेस रीस्टार्ट होईपर्यंत तो नव्या फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड नावाची त्रुटी बाहेर आली तेव्हा हाच मुद्दा कळीचा होता. पॅकेज बसवायचं, लायब्ररी वापरणारी प्रत्येक सेवा रीस्टार्ट करायची, आणि खासगी की बाहेर गेली असू शकते म्हणून सर्टिफिकेटही नव्याने काढायचं. यातली पहिलीच पायरी करून थांबलं, तर सर्व्हर उघडाच. अशा अडकलेल्या प्रोसेस शोधायला उबंटूवर नीडरीस्टार्ट नावाचं साधन आहे. कर्नलसाठी रीबूट हवा असेल तर व्हार-रन फोल्डरमध्ये रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल तयार होते. ती दिसते का, एवढं रोज तपासणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लावा आणि दिसली की स्वतःला मेल येऊ द्या.

आवृत्तीच्या आकड्यावर जाऊ नका, हे जाता जाता सांगायला हवं. २०२४ च्या जुलैमध्ये, सर्व्हरवर दुरून लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचमधली रेग्रेशन नावाने गाजलेली त्रुटी बाहेर आली. मूळ प्रकल्पाने ती ९.८ मध्ये दुरुस्त केली. उबंटूने मात्र २२.०४ साठी ८.९ हाच आकडा ठेवून त्यातच दुरुस्ती घातली. स्कॅनर वापरणारा क्लायंट मग 'तुमची आवृत्ती जुनी आहे' असा अहवाल पाठवतो. त्याला पॅकेजचा चेंजलॉग उघडून त्या त्रुटीचा सीव्हीई क्रमांक (जागतिक यादीतला नोंदणी क्रमांक) दाखवा. घाईने बाहेरच्या रेपॉझिटरीतून नवी आवृत्ती आणून बसवली, तर त्या पॅकेजचे पुढचे सुरक्षा अपडेट उबंटूकडून मिळणं बंद होतं.

आता वेळेचं. उबंटूमध्ये अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाचं साधन मुळातच चालू असतं आणि सुरक्षेचे अपडेट आपोआप बसवतं. ते चालवणारा टायमर सकाळी ६ चा आहे आणि त्यात एक तासापर्यंतचा यादृच्छिक उशीर धरलेला आहे. पण क्लाउडवर मिळणाऱ्या इमेजचं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या आयत्या प्रतीचं) घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, असतं. यूटीसीचे सहा म्हणजे भारतातले साडेअकरा. म्हणजे मायएसक्यूएलचा सुरक्षा अपडेट आला, की तो भर कामाच्या दिवशी साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान बसतो, डेटाबेस रीस्टार्ट होतो, आणि तेवढ्या वेळात दुकानाची साइट उघडणाऱ्याला वर्डप्रेसचं ते पांढरं पान दिसतं: 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन'. मिनिटभरात सगळं पूर्ववत होतं, लॉग बघितल्याशिवाय कारण कळत नाही, आणि क्लायंट मात्र म्हणतो, 'तुमचा सर्व्हर अधूनमधून बसतो.' आपोआप रीबूटचंही असंच. तो मुळात बंद असतो. चालू करून वेळ ०२:०० लिहिली, तर यूटीसीच्या घड्याळावर ती सकाळी साडेसात होते.

उपाय सोपा आहे. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवरच राहू द्या, कारण लॉग जुळवताना तेच बरं पडतं. सिस्टिमसीटीएल एडिट वापरून अपडेट बसवणारा एपीटी-डेली-अपग्रेड टायमर उघडा आणि त्यात ऑनकॅलेंडर ही वेळ ठरवणारी ओळ दोनदा लिहा. पहिल्यांदा रिकामी, दुसऱ्यांदा ०३:३० आणि पुढे एशिया/कोलकाता. रिकामी ओळ विसरलात तर जुनी वेळ तशीच राहते आणि टायमर दिवसातून दोनदा चालतो. ही चूक फार होते. साडेतीन तरी का? भारतातली गर्दी तेव्हा सर्वांत कमी असते. पण अमेरिकेतल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाची साइट त्याच सर्व्हरवर असेल, तर आपल्या पहाटेच्या साडेतीनला न्यू जर्सीत संध्याकाळचे पाच-सहा वाजलेले असतात. कार्यक्रमाची तिकिटं विकली जाण्याची ऐन वेळ ती. अशा साइट वेगळ्या सर्व्हरवर ठेवाव्यात, नाहीतर तिकीटविक्रीच्या आठवड्यात रीबूट पुढे ढकलावा.

रीबूटची भीती वाटते ती सर्व्हर परत उठेल का याची, आणि ती रास्त आहे. सर्व्हर उठत नाही तेव्हा दोष बहुतेकदा अपडेटचा नसतो. महिन्यांपूर्वी कुणीतरी हाताने केलेला आणि कुठेच न लिहिलेला बदल रीबूटला उघडा पडतो. सेवा स्टार्ट केली, पण इनेबल (रीबूटनंतर आपोआप सुरू होईल अशी) केली नाही. आयपीटेबल्स फायरवॉलचे नियम टाइप केले, पण साठवले नाहीत. नवी डिस्क जोडून एफएसटॅब या डिस्कच्या यादीत ओळ लिहिली आणि नंतर डिस्क काढून टाकली, की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतं. त्या ओळीत नोफेल हा पर्याय असता तर ते पुढे गेलं असतं. म्हणून आमचा आग्रह असा: बरेच महिने न हललेला सर्व्हर असेल, तर अपडेट करण्याआधी एकदा नुसता रीबूट करा. उठला नाही, तर दोष जुना आहे हे पक्कं होतं आणि शोधायची जागा निम्म्याने कमी होते. सगळं एकदम केलं, तर अपडेटने मोडलं की आधीच मोडलेलं होतं, यातच रात्र जाते.

त्याआधी होस्टिंग पॅनेलमधला कन्सोल उघडून त्यात लॉगिन करून पाहा. एसएसएच बंद पडल्यावर तोच एक दरवाजा उरतो, आणि ऐन वेळी रूटचा पासवर्डच कुणाला ठाऊक नसतो. बूट विभाजनात जागा आहे का तेही बघा. जुने कर्नल साचून ते भरलं, की नव्या कर्नलला बूटसाठी लागणारी इनिट्रॅमएफएस फाइल अर्धवट लिहिली जाते. एपीटी ऑटोरिमूव्हने जुने कर्नल निघतात. पण आत्ता चालू असलेला आणि त्याच्या आधीचा एक, असे दोन ठेवाच. नवा उठला नाही तर ग्रबच्या बूट यादीतून जुना निवडता येतो.

अपडेट चालू असताना मध्येच प्रश्न येतो: कॉन्फिगरेशनची फाइल तुम्ही बदललेली आहे, नवी ठेवू की तुमची? बिनविचाराने नवी निवडली, तर पीएचपीची अपलोड मर्यादा परत २ एमबीवर येते आणि दुसऱ्या दिवशी शाळेचा निकालाचा पीडीएफ चढत नाही. आपली ठेवा आणि शेजारी पडलेली नवी फाइल (नावाच्या शेवटी डीपीकेजी-डिस्ट किंवा यूसीएफ-डिस्ट असलेली) नंतर सावकाश ताडून बघा.

स्नॅपशॉट (अख्ख्या डिस्कची त्या क्षणाची प्रत) घ्याच, पण चालत्या डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे वीज गेल्यावर डिस्कची जी अवस्था असते, तीच. वेगळा मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्याय लावून घ्या. हा पर्याय इनोडीबी प्रकारच्या टेबलांपुरता भरवशाचा आहे. जुन्या साइटमध्ये मायआयसॅम या जुन्या प्रकारची टेबलं उरलेली असतात, त्यांना कुलूप लावल्याशिवाय डंप जुळत नाही. डंप दुसऱ्या मशीनवर चढवून एक साइट उघडून बघितलेली नसेल, तर तो बॅकअप मोजू नका.

ग्राहकांना दोन दिवस आधी साध्या मराठीत कळवा. 'गुरुवारी पहाटे ३.३० ते ३.४५ या वेळेत सुरक्षेच्या अपडेटसाठी तुमची साइट काही मिनिटं बंद राहील. या वेळेत आलेले मेल हरवणार नाहीत.' शेवटचं वाक्य गाळू नका, कारण पहिला फोन त्याचसाठी येतो. पाठवणाऱ्याचा मेल सर्व्हर निरोप रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, साधारण चार-पाच दिवस. देखभालीचं पान दाखवणार असाल तर ते ५०३ ('तात्पुरतं बंद') कोडने द्या. २०० ('सगळं ठीक') कोडने दिलं तर गूगल तेच पान साइटचा खरा मजकूर समजून उचलतो.

व्हीपीएस एक-दोन मिनिटांत परत येतो. भरपूर रॅम असलेलं आख्खं मशीन मेमरी तपासण्यातच पाच-दहा मिनिटं घेतं, तेवढा धीर धरा. डेटाबेस बंद होत असताना अधीर होऊन पॅनेलमधलं हार्ड रीसेटचं बटण दाबलं, तर क्रॅश रिकव्हरीत त्याहून जास्त वेळ जातो.

लाइव्हपॅचने रीबूट लांबवता येतात. उबंटूचा वैयक्तिक वापरासाठी ५ मशीनपर्यंत मोफत आहे. पण तो फक्त कर्नलपुरता. ओपनएसएसएल, मायएसक्यूएल, पीएचपी यांना तो हात लावत नाही. आणि ज्या सर्व्हरवर सेंटओएस ७ हे लिनक्स आहे, त्याला प्रकल्पाकडून आता पॅचच येत नाहीत. ३० जून २०२४ ला त्याची मुदत संपली. पीएचपी ७.४ चे अधिकृत सुरक्षा अपडेट तर २०२२ च्या नोव्हेंबरातच थांबले. 'साइट चालतेय ना, कशाला हात लावायचा' म्हणणाऱ्या ग्राहकाला ही तारीख लेखी कळवा आणि स्थलांतराचा खर्च सांगा.

सर्व्हर उठल्यावर यूनेम कमांडने नवा कर्नल चालू आहे का ते बघा, सिस्टिमसीटीएलला फेल्ड झालेल्या सेवा विचारा, सर्टिफिकेटचं नूतनीकरण करणाऱ्या सर्टबॉटचा टायमर जिवंत आहे ना ते तपासा. तो मेला तर लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं सर्टिफिकेट संपेपर्यंत पत्ताही लागत नाही. मग एका दुकानातून खरी ऑर्डर टाका, एक मेल बाहेर पाठवा, एक आत मागवा. आणि साइट उघडून बघाल ती ऑफिसच्या वायफायवरून नको, फोनच्या डेटावरून. ऑफिसचा आयपी फायरवॉलमध्ये बहुधा आधीच मोकळा सोडलेला असतो. जगासाठी दार बंद असलं तरी तुम्हाला ते उघडंच दिसेल.