सिलिकेट रंग डब्यात का आळत होता, ते सापडलं

चिऱ्याच्या भिंतीसाठी मी घरी सिलिकेट रंग करतो, म्हणजे पोटॅशियम सिलिकेट या अल्कली द्रावाने बांधला जाणारा खनिज रंग, आणि तो ठेवला की डब्यातच आळायचा. गुन्हेगार सापडला: भाजलेली चायना क्ले, म्हणजे पांढरी माती. झँथन (रंग दाट ठेवणारा डिंक) नव्हे, पाणी नव्हे, पोटॅशियम सिलिकेटचा लॉटही नव्हे. ज्या फिलरकडे (रंगाला अंग देणाऱ्या पुडीकडे) आपण कधी संशयाने बघतच नाही, तोच डब्यात बसून रंग आळवत होता. आनंद झालाय तेवढाच संतापही आलाय, कारण पोत्यावर जे छापलंय ते वाचून हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.

रेसिपी मागच्या नोंदीतलीच. पोटॅशियम सिलिकेट, कॅल्साइट, टाल्क, भाजलेली क्ले, थोडं टायटॅनियम (पांढरेपणासाठी), रंगाला चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा भुगा, आणि सगळं तरंगत ठेवायला झँथन. ॲक्रिलिक इमल्शन (सेंद्रिय बांधक) अगदी बेताचं. डीआयएन १८३६३ या जर्मन मानकात एका डब्याच्या, म्हणजे तयार कालवून ठेवलेल्या, सिलिकेट रंगाला सेंद्रिय भागाची पाच टक्क्यांची मर्यादा आहे, तिच्या आतच मी राहतो. त्याहून जास्त घातलं की भिंत श्वास घेत नाही, आणि मग आपण हा उद्योग करतोय तरी कशाला?

केल्या दिवशी रंग देखणा. ब्रश सुळकन चालतो, ओघळ नाही, तळाला गाळ नाही. दोनतीन दिवसांनी जरा जड वाटतो, पण ढवळला की मोकळा होतो. आठवड्याभरात ढवळूनही मोकळा होत नाही, आणि त्यानंतर डब्यात चमचा उभा राहतो. वर पाणी घातलं तर ते वरच राहतं.

इथे थोडं थांबतो, कारण रंग 'घट्ट झाला' म्हणण्याचे किमान तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा. झँथनचा घट्टपणा असेल तर ड्रिलला पॅडल लावून फिरवलं की रंग लगेच पातळ होतो आणि ठेवला की परत बसतो. तो आपल्याला हवाच असतो. दुसरा क्षारांमुळे. सिलिकेट कडक किंवा खाऱ्या पाण्यात पडलं की त्याच क्षणी कण धरतात, पांढरे लोळ दिसतात. जिप्सम, झिंक ऑक्साइड, कळीचा चुना यांनीही तेच होतं, आणि तेही लवकर कळतं. तिसरा प्रकार सावकाश येतो, उन्हात लवकर येतो आणि एकदा आला की परत फिरत नाही. माझा हा तिसरा होता. म्हणजे डब्यात नुसतं काही साचत नव्हतं, काहीतरी घडत होतं.

आधी पाण्याचा संशय होताच. आमची विहीर खाडीपासून लांब नाही आणि वैशाखात तिचं पाणी मचूळ होतं. ग्लासभर पाण्यात सिलिकेटचे थेंब सोडले तर ढग उठतो, म्हणून ते पाणी या कामाला कधीच वापरत नाही. आरओचं पाणी घेतलं तरी रंग आळला. झँथन काढून टाकलं, तरी आळला. फक्त तेव्हा आधी तळाला खडक बसला आणि मग वरचं आळलं. टायटॅनियम काढलं, तरी तेच.

मग सगळी मिश्रणं बाजूला ठेवली आणि एकेक फिलर एकटाच सिलिकेटसोबत बरणीत भरला. एका बरणीत एकच फिलर, सिलिकेट सगळीकडे सारखं, झाकण घट्ट, एक बरणी नुसत्या सिलिकेटची. बरण्या एचडीपीई प्लॅस्टिकच्या. काचेच्या नकोत, हा द्राव काचेलाही चिकटून तिला खातो. ॲल्युमिनियमचं भांडं तर अजिबात नको, अल्कलीत त्यातून हायड्रोजन सुटतो. सगळ्या बरण्या गच्चीवर पत्र्याखाली ठेवल्या. मे महिन्यातला आमचा पत्रा फुकटची भट्टी आहे. कारखान्यात पन्नास अंशांवर ठेवून जी साठवण-चाचणी करतात, तिच्या जवळपास तो दुपारी आपणहून जातो.

कॅल्साइट तसाच पातळ. टाल्क वर तरंगला, खाली बसला, पण पातळच. चिऱ्याचा भुगा पातळ. भाजलेल्या क्लेची बरणी आडवी केली तर आतला पृष्ठभाग हललाच नाही. बरणी कापली. आत फिकट पिवळसर गोळा, कडेने जरा ओलसर, मध्ये नख रुतत नाही असा. त्याचा तुकडा बादलीत पाण्यात टाकला, विरघळला नाही, फुगला नाही. घासल्यावर हाताला रंगही लागला नाही. हे नुसतं जेल नव्हे, हा दगड झालाय. जिओपॉलिमर, म्हणजे अल्कलीने क्लेतून घडवलेला कृत्रिम दगड!

कारण भाजण्याच्या तापमानात आहे. साध्या केओलिनमध्ये, म्हणजे न भाजलेल्या चायना क्लेमध्ये, रचनेत बांधलेलं पाणी असतं. साधारण पाचशे-सहाशे अंशांना ते निघून जातं आणि मागे जे उरतं ते मेटाकेओलिन. त्याची स्फटिकरचना मोडलेली असते, म्हणून ते अल्कलीला आणि चुन्याला भुकेलेलं असतं. आणखी तापवत गेलं की साधारण ९८० अंशांच्या पुढे रचना परत बसते आणि ती भूक संपते. रंगाला लागते ती ही दुसरी, पूर्ण भाजलेली. सिमेंटवाल्यांना लागते पहिली. दोन्ही पोत्यांवर 'कॅल्साइन्ड' (भाजलेली) एवढंच लिहिलेलं असतं. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही मऊ, बोटात चोळून फरक कळत नाही. ज्यांच्याकडून माल घेतला त्यांना फोनवर भाजण्याचं तापमान विचारलं तर 'साहेब, एक नंबर माल आहे' यापलीकडे उत्तर मिळालं नाही. स्वस्त का मिळाला, ते आता समजलं.

ओळखण्याची घरगुती चाचणी देतो, कारण प्रयोगशाळेला पैसे घालवायची गरज नाही. भिजवून मुरवलेला चुना आणि ही क्ले समसमान घेऊन घट्ट मळा, गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधा आणि आठवडाभर विसरा. नुसत्या चुन्याचा गोळाही शेजारी बांधून ठेवा. बंद पिशवीत चुन्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळत नाही, त्यामुळे तो कडक होऊ शकत नाही, लोण्यासारखाच राहतो. क्लेचा गोळा कडक झाला आणि पाण्यात टाकूनही टिकला तर क्ले भुकेली आहे. एका डब्याच्या रंगात ती घालू नका. गोळा पाण्यात फिसकटला तर खुशाल घाला. माझा गोळा हातोडीने फोडावा लागला.

त्या क्लेच्या जागी जास्तीचा टाल्क आणि थोडा अभ्रक घालून केलेला डबा त्याच पत्र्याखाली ठेवलाय. तो अजून केल्या दिवशीसारखाच आहे. रोज झाकण उघडून पळीने उचलून बघतो, आणि रोज तितकंच बरं वाटतं.

बाकी गोष्टी थोडक्यात.

तळाचा खडक. डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारं रसायन) वाढवला की रंग मस्त पातळ होतो, पण मग प्रत्येक कण सुटा सुटा खाली जातो आणि एकमेकांत गच्च बसतो. तो थर ढवळून निघत नाही. डिस्पर्संट जरा हात आखडून घातला तर कण सैल झुबक्यांनी बसतात आणि पळीने सहज उठतात. माझं मत आता पक्कं आहे: पातळपणासाठी डिस्पर्संट वाढवायचा नाही, फिलर कमी करायचा. झँथन एक टक्क्याच्या पाव भागाच्या आसपास पुरतं, पण ते आधी साध्या पाण्यात पूर्ण फुलवायचं. ग्लिसरीनमध्ये कालवून सोडलं की गुठळ्या होत नाहीत. सिलिकेट आधी पडलं तर झँथन फुलतच नाही. फुलवलेलं झँथन रात्रभर ठेवू नका, आपल्या हवेत सकाळपर्यंत वास धरतं. एकदा सिलिकेट पडलं की इतक्या अल्कलीत ते नासत नाही, वेगळं प्रिझर्वेटिव्ह लागत नाही. सिलिकेट सगळ्यात शेवटी, बारीक धारेने.

सिलिकेट विकत घेताना मॉड्युलस (त्यातलं सिलिका आणि अल्कलीचं प्रमाण) वजनाचा की मोलचा, हे विचाराच. सोडियममध्ये दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात, म्हणून दुकानदार फरक करत नाहीत. पोटॅशियममध्ये वजनाचा २.१ म्हणजे मोलचा ३.३. एकाच मालाचे दोन आकडे ऐकून मंडळी दोन वेगळे माल समजतात. आणि स्वस्त मिळतं म्हणून सोडियम सिलिकेट घेऊ नका. त्याचा सोडियम कार्बोनेट भिंतीवर पांढऱ्या मिठासारखा फुटतो. पोटॅशियमचा कार्बोनेट ओल धरतो आणि पहिल्या सरींत धुऊन जातो. जर्मन संशोधक कीमने १८७८ मध्ये पेटंट घेतलं ते पोटॅशियमच्याच सिलिकेट रंगाचं, आणि त्याच्या बवेरियापेक्षा आपल्याकडे ओल कितीतरी जास्त आहे.

चिऱ्याच्या भुग्याची बातमी मात्र सगळ्यात गोड. खाणीवर चिरे कापणाऱ्या मशिनखाली तांबडा भुगा साचतो, तो कुणी विचारत नाही. मातीच्या वरच्या थरातला नको, त्यात पाचोळा कुजलेला असतो. भुगा बादलीत ढवळायचा आणि तासभर ठेवायचा. दहा मायक्रॉनचा कण पाण्यात तासाला तीसेक सेंटिमीटर खाली जातो, दोन मायक्रॉनचा जेमतेम सव्वा सेंटिमीटर. म्हणजे वरचं तांबडं पाणी अलगद काढून घेतलं की त्यात फक्त बारीकच उरतं. हे दोनदा केलं की क्षारही धुतले जातात. मग ताटात वाळवायचं. विकतच्या लाल ऑक्साइडची छटा चिऱ्याच्या भिंतीवर नेहमी परकी दिसते, किंचित जांभळी. या भुग्याचा रंग भिंतीत मिसळून जातो. पडवीच्या भिंतीवर लावलेल्या पट्ट्याला गवंडीबाबांनी थापीच्या टोकाने खरवडलं, तळहात ओला करून चोळला आणि म्हणाले, "ह्यो काय आता जावचो नाय." त्यांची सगळी हयात चुन्यात गेली, त्यामुळे हे सर्टिफिकेट मी जपून ठेवणार आहे.

खरं तर इथे लिहिणार होतो की उरलेलं क्लेचं पोतं परत करतोय. पण लिहितालिहिता वाटतंय, का परत करायचं? जी भूक डब्यात नको ती भिंतीवर हवीच आहे. जोत्यावर पागोळ्यांचं पाणी उडून चार महिने मारा होतो, शेवाळ तिथूनच चढतं, आणि कुठलाही रंग आधी तिथेच हरतो. जोत्यापुरता दोन डब्यांचा रंग केला तर? एका डब्यात कोरडी पूड: मेटाकेओलिन, टाल्क, अभ्रक, चिऱ्याचा भुगा. दुसऱ्यात नुसतं सिलिकेट. सकाळी कालवायचं, दुपारच्या आत संपवायचं. साठवणीचा प्रश्नच उरत नाही, झँथनही नाममात्र. भीती एकच, आकसून तडकण्याची. मेटाकेओलिन जास्त झालं की बारीक जाळी पडते. म्हणून एकूण पुडीच्या दहा टक्क्यांपासून सुरुवात करतो, आणि अभ्रकाचे पत्रे तडा किती अडवतात ते बघतो. पहिला हात पातळ सिलिकेटचा, कारण जांभा पाणी इतकं ओढतो की त्याशिवाय वरचा रंग बांधण्याआधीच कोरडा पडतो.

म्हणजे वरच्या भिंतीला एका डब्याचा, जोत्याला दोन डब्यांचा. मृग लागायच्या आत दोन्ही हात झाले पाहिजेत, कारण एकदा हवा दमट झाली की सिलिकेट वाळायलाच तयार होत नाही. उद्या परसातल्या पडक्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) चिऱ्यांवर दहा, वीस आणि तीस टक्क्यांचे पट्टे ओढतोय. कुणी मेटाकेओलिन पातळ थरात वापरलं असेल तर टक्केवारी आणि मेश (पुडीच्या बारीकपणाचा आकडा) दोन्ही सांगा. चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करा, हा द्राव डोळ्यात गेला तर वाईट इजा करतो. आणि जे दळलेली सिलिका फिलर म्हणून वापरताहेत त्यांनी पूड कोरडी ओतताना चांगला मास्क लावाच. ती धूळ फुप्फुसातून परत निघत नाही.