दीड सेकंदाचं पडणं आणि ३५ दिवसांची वाट

मोठ्या माणसांसाठी विज्ञानाचे व्हिडिओ करायचे ठरवलं तेव्हा धास्ती होती ती कॅमेऱ्यासमोर बोलण्याची. पण बोलणं, आवाज, एडिटिंग सगळं दोन रविवारांत उरकलं. अडकले ते अपलोडनंतर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

विषय होता, जड आणि हलकी वस्तू एकाच वेळी खाली पडतात का? उत्तर शाळेत पाठ केलेलं असतं, पटलेलं नसतं. म्हणून मी नासाच्या अपोलो १५ या चांद्रमोहिमेचं फुटेज घेतलं. २ ऑगस्ट १९७१ रोजी अंतराळवीर डेव्हिड स्कॉटने चंद्रावर एका हातात १.३२ किलोचा हातोडा आणि दुसऱ्या हातात ३० ग्रॅमचं ससाण्याचं पीस धरून दोन्ही एकदम सोडलं. (ससाण्याचंच, कारण त्यांच्या चांद्रयानाचं नाव फाल्कन होतं.) साधारण १.६ मीटरची उंची, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढं, म्हणजे जेमतेम १.४ सेकंद. हवाच नाही, त्यामुळे पीस जराही तरंगत नाही, हातोड्याबरोबर सरळ जमिनीला टेकतं. मी कितीदा पाहिलंय ते, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

यूट्यूबवर अपलोड केल्यावर तासाभरात कॉपीराइट क्लेम आला, म्हणजे ‘यातला भाग आमच्या मालकीचा आहे’ असा दावा. कुणाचा? एका वृत्तवाहिनीचा. त्यांनी हीच क्लिप आपल्या कार्यक्रमात वापरली होती आणि अख्खा कार्यक्रम आपला म्हणून नोंदवला होता. यूट्यूबच्या यंत्राने दोन्ही ताडून पाहिलं आणि माझी क्लिप त्यांची ठरवली. नासाचं फुटेज अमेरिकेत सहसा कॉपीराइटमध्ये येत नाही, कारण ते तिथल्या केंद्र सरकारचं काम. हे मला पाठ होतं, म्हणून मी तणतणत दोन ओळी खरडल्या: ‘हे नासाचं आहे, तुमचं नाही.’ मग वाट. समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. रोज सकाळी उठून तेच पान उघडायचं, तेच ‘प्रलंबित’ वाचायचं. एकोणतिसाव्या दिवशी वाहिनीने माझी हरकत फेटाळली. कारण? एक अक्षरही नाही.

त्या रात्री रडकुंडीला आले होते. दुसऱ्या दिवशी शांतपणे अपील लिहिलं. क्लिप माझ्या व्हिडिओत कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत आहे, नासाच्या कुठल्या पानावरून कधी उतरवली, त्यांच्या वापराच्या नियमांचं पान कुठलं, आणि वाहिनीचा लोगो, निवेदन किंवा संगीत यातलं माझ्याकडे काहीही नाही, असं सगळं मुद्देसूद. सहाव्या दिवशी क्लेम सुटला. तो मेल मी आईला मोठ्याने वाचून दाखवला.

तेव्हा फुटेज उतरवतानाच पान, तारीख आणि क्लिपचं नाव वहीत लिहा. मला ते नंतर शोधायला अख्खी संध्याकाळ गेली. क्लेम म्हणजे स्ट्राइक (कॉपीराइट मोडल्याची खात्यावरची नोंद) नव्हे, घाबरून व्हिडिओ काढू नका. क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे अडकतात, खात्यावर डाग पडत नाही. मात्र अपील खात्री असेल तरच करा, कारण तिथून पुढे प्रकरण स्ट्राइकपर्यंत जाऊ शकतं. नासाचा लोगो वापरू नका, त्याला वेगळे नियम आहेत.

आणि हो, संगीत! बीथोव्हेन १८२७ मध्ये गेला, त्याची रचना सगळ्यांची. पण ती वाजवून केलेलं रेकॉर्डिंग वाजवणाऱ्याचं किंवा कंपनीचं असू शकतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे ठरावीक अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेलं, घेतलंत तर ‘व्यावसायिक वापर नाही’ ही अट आहे का ते आधी बघा आणि डिस्क्रिप्शनमध्ये श्रेय द्या.

अपिलाचा मजकूर जपून ठेवलाय. पुढचा व्हिडिओ गॅलिलिओवर आहे, आणि त्यात तेच पीस पुन्हा पडणार आहे.