चार बोटं

शंभर धावांनी हरणं सोपं असतं. दहाव्या ओव्हरला निम्मा संघ परतलेला असतो, पंधराव्याला चेष्टामस्करी सुरू होते, विसाव्याला कुणीतरी किट आवरायला घेतो आणि माणूस उजेडात घरी पोचतो. त्या हरण्याला कुणी वाली नसतो. दोष इतका अवाढव्य असतो की तो नेमका कुणाचा हे शोधायच्या फंदात कुणी पडत नाही.

रविवारी आम्ही एका धावेने हरलो.

पस्तीस ओव्हरचा सामना. त्यांच्या 163, आमच्या सर्वबाद 162, आणि तीन चेंडू शिल्लक. गुणतक्त्यात याचे शून्य गुण, शंभरने हरलो असतो तरी शून्यच. नेट रनरेटचंही, म्हणजे दोन्ही संघांच्या ओव्हरमागच्या धावांमधल्या फरकाचंही, गणित मी मांडून पाहिलं. सर्वबाद झालेल्या संघाच्या पूर्ण ओव्हर धरतात, त्यामुळे फरक निघाला 0.03. एवढ्याशा आकड्यापायी मी रात्री दीड वाजता पंख्याची पाती मोजत पडलो होतो.

सामना संपल्यावर पहिली धाड पडते ती स्कोअरबुकावर. आम्ही तिघांनी तीनदा बेरीज केली. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर, मग गोलंदाजांचे आकडे, मग ओव्हरमागून ओव्हर. क्लबच्या सामन्यात कधीकधी खरंच एखादी धाव सापडते, कारण लिहिणारा मध्येच पॅड बांधायला उठलेला असतो आणि पेन दुसऱ्याच्या हातात गेलेलं असतं. यावेळी सगळं जुळलं. इतकं बिनचूक स्कोअरबुक आमच्या क्लबात मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि त्याला यायला हाच दिवस सापडला.

मग खापर. आमच्या वेगवान गोलंदाजाचे अकरा वाइड. यष्टिरक्षकाने सोडलेला कॅच, तेव्हा तो फलंदाज बारावर होता आणि एक्केचाळीस करून गेला. मिडऑफच्या दोन पायांमधून गेलेला चौकार. सलामीवीराने कव्हरमधून मारलेला तो सुरेख फटका, जो बघत तो स्वतःच उभा राहिला आणि दोनच्या जागी एक झाली. एका धावेच्या हारीत अशी प्रत्येकाच्या नावावर किमान एक धाव निघतेच. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ग्लोव्हजची एक जोडी बॅगेत भरायला पाच मिनिटं लागत होती.

कुणीतरी ‘जर तो एक वाइड पडला नसता ना...’ म्हणाला, आणि आत्याबाईला मिशा असत्या तर काय म्हटलं असतं याची त्याला आठवण करून देण्यात आली. एरवी या म्हणीवर हसू येतं. त्या दिवशी संघातल्या खऱ्या काकांनीसुद्धा मान वर केली नाही.

इथे एक वेंधळेपणा सगळेच करतात, म्हणून सांगून टाकतो. एका धावेने हरलेला संघ ‘एक धाव मिळाली असती तर जिंकलो असतो’ असं बोलतो. एक मिळाली असती तर बरोबरी झाली असती. जिंकायला दोन लागतात. आणि बरोबरीने तरी सुख लागतंच असं कुठे आहे? 2019 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्या 241 झाल्या, सुपर ओव्हरमध्येही दोघांच्या पंधरा-पंधरा, आणि शेवटी चौकार-षटकार मोजून, 26 विरुद्ध 17, कप इंग्लंडकडे गेला. न्यूझीलंडवाले तर एका धावेनेही हरले नव्हते.

कसोटी क्रिकेटमध्ये एका धावेने निकाल लागलेले सामने दोनच. 1993 मध्ये अ‍ॅडलेडला वेस्ट इंडीजने ऑस्ट्रेलियाला हरवलं आणि 2023 मध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंडने इंग्लंडला. दोन्हीकडे शेवटचा गडी यष्टिरक्षकाच्या हाती झेल देऊन गेला. मला त्यातला ऑस्ट्रेलियाचा टिम मे जवळचा वाटतो. अ‍ॅडलेडला हा गोलंदाज नाबाद 42 वर उभा होता, शेवटच्या जोडीने चाळीस धावा जोडल्या होत्या, आणि समोरच्या टोकाला मॅकडरमॉट बाद झाला. हे बघायला सगळ्यात जवळची जागा त्याला मिळाली होती.

तशीच जागा मला मिळाली. मी अकरावा. शेवटच्या ओव्हरला सहा हव्या होत्या, स्ट्राइक जोडीदाराकडे. पहिल्या दोन चेंडूंवर दोन-दोन धावा पळालो. दोन्ही वेळा वळताना मी बॅट रेषेच्या पार वीतभर आत घासली, जमिनीवर चर पडावा इतकी. तिसरा चेंडू फुलटॉस, फटका उंच, आणि मिडविकेटच्या हातात अलगद. मी नाबाद शून्य, एकही चेंडू न खेळता. माझ्याकडे बोट दाखवायला कुणालाच जागा नव्हती. ‘तू तरी काय करणार,’ असं उलट दोघंतिघं म्हणून गेले.

वीतभर का घासली, ते मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

आमच्या पातळीवर अंपायर बाहेरून येत नाहीत. फलंदाजी करणाऱ्या संघातले, ज्यांचा नंबर लांब आहे असे दोघे, चेंडू मोजायला खिशात सहा खडे टाकून उभे राहतात. एकविसाव्या ओव्हरला तो मी होतो. स्ट्राइकला काका. पन्नाशी उलटलेले, गुडघ्याला पट्टा, आणि पळताना ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी डीप मिडविकेटला ढकलला आणि दोन ओरडले. पहिली धाव पळून माझ्या टोकाला वळले तेव्हा मी नियमाप्रमाणे बाजूला सरकून रेषेवर डोळा ठेवून होतो. बॅट आली, वळली आणि गेली. जमिनीला कुठे लागलीच नाही. रेषेच्या अलीकडे चार बोटं.

क्रिकेटची रेष मोठी कडक. बॅट किंवा अंगाचा कुठलातरी भाग रेषेच्या पलीकडे टेकायला हवा, रेषेवर टेकला तरी तो बाहेरच. प्रतिस्पर्ध्यांपैकी कुणीही ओरडलं नव्हतं. गोलंदाज तिकडे थ्रो कुठे येतोय ते बघत होता. हे मला आणि फार तर काकांना ठाऊक. चेंडू निकाली निघाल्यावर माझा हात आपोआप वर गेला आणि बोटं खांद्याला टेकली. शॉर्ट रन, म्हणजे अपुरी पळालेली धाव. लिहिणाऱ्याने दोन खोडून एक केला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला थोडा अभिमानही वाटला. आठ गडी हातात असताना प्रामाणिकपणा स्वस्त पडतो.

रात्री ग्रुपवर कबुलीजबाब सुरू झाले. ‘ते अकरा माझे.’ ‘तो कॅच हातात बसला होता रे.’ सलामीवीराने लिहिलं, ‘फटका मारून बघत उभा राहतो त्याला संघात घेऊ नका.’ त्याला लगेच पाच जणांनी हो म्हटलं. मी तीनदा टाइप केलं आणि तीनदा पुसलं. काकांनी काहीच लिहिलं नव्हतं. त्यांनी ग्रुप बघितला होता, एवढं मात्र दिसत होतं.

बुधवारी नेटला ते नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी येऊन पॅड बांधत बसले होते. मी शेजारी टेकलो.

“काका, रविवारी एकविसाव्या ओव्हरला...”

“टेकली नव्हती,” पट्टा ओढत ते म्हणाले. “चार बोटं राहिली.”

मला इतकं हायसं वाटलं की मी उठलोच. तेवढ्यात मागून आवाज आला.

“पण तू दोन दिल्या असत्यास ना, तर मी काही तक्रार करायला आलो नसतो.”